सही नसलेला नकार

डेट्रॉइट,
मंगळवार

प्रिय मोत्रिया,

रविवारी तू बांधून दिलेली वारेनिकी, तुझ्या माहेरच्या त्या मऊ करंज्या, आईने काल दुपारपर्यंत पुरवून खाल्ली. तोंडात दात नाहीत, अंथरुणातून उठवत नाही, पण जीभ अजून तशीच तिखट आहे. मला म्हणाली, "सुनेला म्हणावं लवकर ये. वेन्डेल, तुझ्या हातचं उकडलेलं खाऊन मरायची पाळी आणू नकोस माझ्यावर." मी हसलो. हल्ली घरात हसायचं काम माझ्याकडेच आहे आणि ते मला नीट जमत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असणार. परवा तू विचारलंस की जेवत का नाहीस, तर मी उकाड्यावर ढकललं. तिकडे नदीपलीकडे, सीमेपार विंडसरला इतकं काही उकडत नव्हतं.

दाराजवळ तुझी बॅग भरून ठेवलेली पाहिली. आपल्या स्वयंपाकघराच्या पडद्यांसाठी घेतलेलं पिवळं कापड अगदी वरच होतं. घरमालकीणबाईंना तू किती ठसक्यात समजावत होतीस! "माझ्या एकटीच्या नावाचा कायदा केलाय काँग्रेसने. दोन्ही सभागृहांनी हो म्हटलं. राष्ट्राध्यक्षांनी सही केली तरी मी घरी जाणार, आणि दहा दिवस नुसते बसून राहिले तरी जाणार. दहा दिवस तर गुरुवारीच सरले, आता फक्त टपाल यायचं." बाई तोंडात बोट घालून ऐकत होत्या. तो नियम तुला मीच शिकवला होता, नदीकाठच्या बाकावर बसून, समोर आपलं डेट्रॉइट दिसत असताना.

मला सारखी त्या म्हाताऱ्या न्यायाधीशाची आठवण येते. जर्मनीतल्या छावणीत तू जन्मगाव खोटं सांगितलंस, कारण पोल्तावा म्हटलं असतंस तर तुला रशियनांच्या हवाली केलं असतं. एकदा सांगितलेलं खोटं मग अमेरिकेत शिरतानाही चालवावं लागलं, आणि त्यावरूनच हद्दपारीचा खटला उभा राहिला. हे सगळं त्याला पटलं होतं. चष्मा काढून तो म्हणाला, "बाई, माझ्या मनावर असतं तर तुम्हाला आजच लेकीकडे पाठवलं असतं. पण कायदा मी केलेला नाही आणि मला तो वाकवता येत नाही. ज्यांनी केलाय त्यांच्याकडे जा." बाहेर येऊन तू खूप रडलीस, आणि डोळे पुसता पुसता म्हणालीस की जिथे न्यायाधीशालाही मन मानेल तसं वागता येत नाही तो देश चांगला. मला तेव्हा तुझा राग आला होता. थोडा अजूनही आहे.

तुला समुद्रापार धाडणाऱ्या बोटीवर चढवण्याऐवजी "आपणहून नदीपलीकडे जा" म्हणणारा तो अधिकारी आठवतो? जाताना त्याने आपल्या कोराला पेपरमिंट दिलं. या सगळ्या प्रकरणात मला दुष्ट माणूस एकही भेटला नाही. सगळे भलेच भेटले, आणि प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं.

हॅस्केल साहेबांनीही मनापासून धावपळ केली, ते नाकारता येणार नाही. आपल्या भागाचा खासदार म्हणून त्यांनी तुझं विधेयक मांडलं, आणि ते सिनेटच्या समितीत झोपी गेलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, आपलं दोन वर्षं थांबलं. शेवटी अधिवेशन संपण्याच्या दिवशी, सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या असताना, त्यांनी ते इतर विधेयकांच्या एका गठ्ठ्यात घालून मंजूर करून घेतलं. कारखान्यात फोन आला तेव्हा आमच्या मुकादमाने यंत्रं थांबवली आणि पोरांनी हातोड्या टेबलांवर बडवल्या. असा आवाज मी युद्ध संपल्याच्या दिवसानंतर ऐकला नव्हता.

कोराची शाळा सुरू झाली. नव्या बाईंनी फळ्यावर तीन गोल काढून शिकवलं, की एक कायदा करतो, एक तो चालवतो आणि एक तो तपासतो, आणि तिघं एकमेकांचा हात धरून ठेवतात, म्हणजे कुणालाच लोकांवर हात उगारता येत नाही. काल जेवताना तिने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "पपा, मग आईला नाही कोण म्हणालं?" मी म्हणालो, कुणीच नाही, तू जेव. खोटं बोललो नाही ग. खरंच कुणी म्हणालेलं नाही.

शुक्रवारी हॅस्केल साहेबांच्या कचेरीतल्या मिस ओडेलचा फोन आला होता. त्या दहा दिवसांच्या नियमाला एक शेपूट आहे. काँग्रेस बसलेली असेल तरच राष्ट्राध्यक्षांचं गप्प राहणं म्हणजे होकार. सगळे घरी गेले असतील तर विधेयक परत पाठवायला समोर कुणी नसतं, आणि तेच गप्प राहणं नकार ठरतं. तिकडे याला खिशात घालणं म्हणतात. साहेबांना नियम ठाऊक होता, पण एका बाईचा कागद कोण खिशात घालतंय, असं त्यांना वाटलं. आणखी पंधरा दिवस आधी जमलं असतं तर याच मौनाने तू घरी आली असतीस. नोव्हेंबरात निवडणूक, नवी काँग्रेस येणार, म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि साहेब यंदा उभे नाहीत. मी विचारलं, कोर्टात जाता येईल का? ती बिचारी म्हणाली, "कशाविरुद्ध जाणार? काही झालेलंच नाही." मग मी म्हटलं, निदान नकाराचा कागद तरी पाठवा. तर तोही नाही.

म्हणजे शुक्रवारपासून मला माहीत होतं, आणि रविवारी ते पिवळं कापड बघून माझी जीभ उचलली नाही. कोर्टाने तुला शिक्क्याचा कागद दिला होता, हद्दपारीचाही सहीचा कागद होता. या वेळी तुला कुणी काही पाठवणार नाही, आणि तू त्या बॅगेशेजारी बसून रोज पोस्टमनची वाट बघत राहशील. ते मला बघवणार नाही. आईला या अवस्थेत नदीपलीकडे हलवता येत नाही, आणि ती नसली की आम्ही दोघं तिकडे येऊ हा विचार मनात आला तरी स्वतःची लाज वाटते. तेव्हा मोत्रिया, बॅग उघड, लोकरीचे कपडे बाहेर काढ. उत्तर नाही असं आहे. एवढ्या मोठ्या सरकारात त्याखाली सही करायला कुणी नव्हतं, म्हणून मी करतो आहे. राग काढायला कोराला कुणीतरी लागेलच, तिलाही हाच कागद दाखवीन.

तुझाच,
वेन्डेल