मरीआईची ओटी राहिली

उंब्रज, तालुका कराड
चैत्र वद्य पंचमी, सन १९४७

गड्या आकाराम,

हंबीररावाचा रामराम. तुझ्या थोरल्या भावाला, आप्पासोंना, माझा वाकून नमस्कार सांग. वहिनींना सांग की त्यांच्या हातची आंबील अजून जिभेवर आहे. तुझी तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, उत्तर मला माहीत आहे. अंगात ताप फणफणत असताना पलटणीच्या डॉक्टरला "बरा हाय, साहेब" म्हणून सांगणारा तू. आमच्याकडं सगळी खुशाल. गुऱ्हाळ उरकलं. आईचे गुडघे दुखतात, पण दुखतात एवढं सांगायला ती साऱ्या आळीत पायीच फिरते, तेव्हा काळजी नसावी. मागच्या वर्षी मी दोनदा हरिपूरला येऊन गेलो आणि दोन्ही वेळा तू घरी नाहीस असं आप्पासोंनी सांगितलं. (तू नव्हतास, पण तुझा खोकला घरात होता. तो मी तीन मुलखांत ऐकलाय, चुकायचा नाही.) राग नाही. वहिनींनी दिलेला चहा मात्र फार गोड होता. खोटं बोलावं लागलं म्हणून बिचारीनं साखर दुप्पट टाकली असणार.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणजे निघतो, पोचायला वेळ लागेल.) पाडवा झाल्यावर मी गोव्याला जाऊन आलो. चर्चं बघायला. हसू नकोस. बरोबर आई होती, आणि धाकट्या बहिणीला एकटीला घरी कसं ठेवायचं म्हणून बनू होती. आमच्या गावात याआधी कुणी चर्च बघायला गेल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळं निघताना निम्मा गाव वेशीपर्यंत आला. त्यातल्या निम्म्यांना वाटत होतं, आम्ही बाटायला चाललोय.

हे खूळ मूळचं तुझंच रं. आठवतं का, इटलीत सुट्टी मिळाली की बाकीची पोरं फोटो काढायला आणि दारू शोधायला पळायची, आणि तू गाव दिसलं की आधी चर्चची घंटा कुठं टांगलीय ते बघायचास. मला ओढत न्यायचास. आत गेल्यावर टोपी काढायची का ठेवायची यावर आपलं भांडण. (तू काढायचास, मी ठेवायचो, आणि कुणीतरी म्हातारी येऊन माझी काढायची.) मग तू सरळ बाकावर आडवा व्हायचास आणि छतावरची चित्रं बघत पडायचास. एकदा तिथला झाडलोट करणारा म्हातारा झाडू उगारून आला, आठवतं? आता हा आपल्याला हाणतोय म्हणून मी उठलो, तर तू पडल्या पडल्या वर बोट करून त्याला एक देवदूत दाखवलास. म्हातारा वर बघत राहिला. मग झाडू टेकवून तो शेजारच्या बाकावर आडवा झाला आणि तुला एकेक चित्र बोटानं सांगू लागला. तुला त्याची भाषा कळत नव्हती, त्याला तुझी. तुम्ही दोघं तासभर बोलत होता. मी पलीकडं बसून बिस्किटं खात होतो, आणि मला लय बरं वाटत होतं.

रोमच्या त्या थोरल्या चर्चमध्ये एका संताचा काशाचा पुतळा होता, लोकांनी हात लावून लावून त्याचा पाय झिजला होता. तू त्या पायावर डोकं ठेवून म्हणालास, "ह्यो बसून झिजला, आपुन चालून झिजलो." (पायाची गोष्ट लिहायला नको होती. पण शाईनं लिहिलीय, राहू दे. तुझ्यापुढं शब्द झाकून बोलायला मला येत नाही.)

त्या दिवसांची आठवण आली की मला लढाई आठवत नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही. मला ती चर्चं आठवतात. आतला थंडावा, मेणाचा वास, आणि संध्याकाळी घंटा सुरू झाली की आपण दोघं बोलता बोलता थांबायचो ते.

मग ते डोंगरावरचं गाव. तिथलं तुला काही आठवायचं नाही, कारण सुरुंग फुटल्यावर तू शुद्धीवरच नव्हतास. चर्चचं निम्मं छप्पर उडालेलं, उरलेल्या निम्म्याखाली जखमींना ठेवलेलं. तुला भिंतीशी निजवलं होतं. वरती कोनाड्यात त्यांची देवी, कडेवर पोर घेतलेली. एक म्हातारी तुझ्या उशाशी बसून "मारिया, मारिया" करत होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला ऐकू आलं "मरीआई", आणि मीही "मरीआई, मरीआई" करू लागलो. आमचा दोघांचा सूर असा जुळला की वाटावं एकाच आळीतले आहोत. तिनं तिची काळी शाल काढून तुझ्यावर घातली. मी त्या देवीला म्हणालो, मरीआई, ह्याला जिता घरी ने, खणानारळानं तुझी ओटी भरतो.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. तिनं तिच्या बाजूचं केलं. मी घरी आलो, शेतात गुंतलो, आणि माझ्या बाजूचं राहिलं.

यंदा शिमग्याला जेवताना गप्पांच्या ओघात हे माझ्या तोंडून निसटलं. आईच्या हातातला पोळीचा घास तसाच राहिला. "बोललास आन् फेडलं न्हाईस?" म्हणाली. "आन् ते लेकरू तिकडं दाराआड बसलंय, कुनाला तोंड दावंना, त्ये का, हे आत्ता कळलं व्हय!" मी सांगून पाहिलं, आई, ती देवी आपली मरीआई नव्हे, ती इटलीतली आहे, तिथं जायला बोट लागते. पण शाळेच्या मास्तरांनी घोटाळा केला. ते म्हणाले, तीच देवी गोव्यातही आहे. आईनं एका क्षणात निकाल दिला: "भन असंल तिची. भनीकडं दिलं तरी पोचतं." (आपल्याकडच्या साऱ्या देव्या एकमेकींच्या बहिणी आहेत, त्यात आणखी एक वाढली.)

मसूरला गाडीत बसलो, ते मिरजेवरून लोंढ्याकडं. मिरजेला गाडी बराच वेळ थांबली. आई सांगलीच्या, म्हणजे तुझ्या हरिपूरच्या, दिशेला तोंड करून बसली होती. पुढं घाट लागला. बोगदा आला की आई डोळे मिटायची. बनू म्हणाली, "आई, आत काळोखच हाय, डोळं मिटून काय उपेग?" तर आई म्हणाली, "माझा काळोख येगळा."

पोर्तुगिजांच्या हद्दीत सामान तपासायला उतरवलं. अंमलदारानं आमचं बोचकं सोडलं. त्यात हिरवा खण, नारळ, तांदूळ, बांगड्या, हळदकुंकू. तो चकित होऊन बघत राहिला. मी म्हटलं, आता आपली विद्या दाखवायची वेळ आली. छाती काढून पुढं झालो आणि मला येत होतं नव्हतं तेवढं सगळं इटालियन त्याला ऐकवलं. नमस्कार, आभार, भाकरी आहे का, अंडी आहेत का, अमक्या गावचा रस्ता कुठला. त्यानं शांतपणे सारं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी खंयचे?" आई मागून म्हणाली, "आमी उंब्रजचं." बोचकं बांधून मिळालं. तेव्हापासून बनू मला "अंडी आहेत का" या नावानं हाक मारते.

जुनं गोवं म्हणजे गड्या, माणसं उठून गेलेलं गाव. नारळीची झाडं आणि मधून मधून डोंगराएवढी चर्चं. एक तांबड्या चिऱ्यांचं, तिथं एका संताचं शव चांदीच्या पेटीत ठेवलंय. आईनं समाधी म्हणून लांबूनच पदर पसरून नमस्कार केला. समोर दुसरं पांढरं, एवढं मोठं की आत आपली अख्खी कंपनी कवायतीला उभी राहावी. मी बाकावर बसून वर पाहिलं. आडवा होण्याचा धीर झाला नाही. एकट्यानं आडवं होण्यात ती मजाही नाही रं.

शेवटी एका टेकडीवर मेरीमातेचं चर्च होतं, तिथं ओटी भरायचं ठरलं. उन्हात चढून गेलो. आईनं पायऱ्यांवर बोचकं सोडलं, खण नीट केला, नारळ पुसला, आत गेली आणि थबकली. वेदीवर देवी नव्हती. म्हणजे होती, पण डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या कापडात गुंडाळलेली. शेजारचे संत गुंडाळलेले, क्रूसही गुंडाळलेला. मला वाटलं, रंग द्यायचं काम निघालंय.

एक म्हातारे फादर आले. मी पुन्हा इटालियनला हात घालणार, तोच ते म्हणाले, "मराठी उलय मरे, म्हाका समजता." आईनं त्यांना सरळच विचारलं, "आवं बाबा, हिला झाकून का ठिवलीया? आमी लय लांबनं आलोय." फादरांनी आधी तिला बाकावर बसवलं. मग त्यांच्या आमच्या भाषेची मिसळ करत सांगितलं, की हे दिवस तिच्या लेकाच्या मरणाचे. त्याला पकडून नेला, हाल केले, तिच्या डोळ्यांदेखत मारला. म्हणून सणापर्यंत सगळं झाकलेलं असतं, मग कापड निघतं.

आईनं मांडीवरचा नारळ हळूच पिशवीत ठेवला. खणाची घडी घातली. फादरांना वाटलं ती रागावली. ते म्हणाले, ठेवा की, इथं पायाशी ठेवा, चालेल. आई म्हणाली, "न्हाई बाबा. दुखाच्या घरी कुनी वटी भरतं व्हय?" आणि ती उठली, वेदीसमोर जमिनीवर गेली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बसली. आपल्याकडं दुखवट्याला बायका बसतात तशी. बोलायचं नाही, रडायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. मी युद्धावर होतो तेव्हा ती घरात अशीच बसायची, असं बनूनं मला मागं सांगितलं होतं. मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

बनू फादरांजवळ उभी होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "तिला ठावं असतंय का, की त्यो माघारी येनार हाय?" कारण तो तिसऱ्या दिवशी उठतो, हे फादरांनी सांगितलं होतं. फादर म्हणाले, "त्या दिसांनी कोणाकच खबर नासली." म्हणजे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बनूनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मी म्हटलं, उदाचा धूर गेला असेल. (तिथं ऊद जळत नव्हता.)

आई उठली तेव्हा तिचे गुडघे खरंच धरले होते. आम्ही दोघांनी हाताला धरून उठवलं. फादरांना ती म्हणाली, "दुखवटा फिटला की येतो आमी. ज्याच्यासाठी बोललाव त्यालाच घिऊन येतो." फादर म्हणाले, जरूर आणा. असा सगळा मुलूख पालथा घालून, ओटी न भरता, नारळ परत घेऊन आलो. गावात तोंड दाखवताना पंचाईत झाली. देवीच्या घरी दुःख होतं असं सांगितलं, तर चार बायका हळहळल्या आणि लेक केवढा होता म्हणून विचारू लागल्या.

आता तो सण होऊन गेला, कापड निघालं असेल. लांबण लागली, क्षमा कर. आई तुला आशीर्वाद सांगते.

तुझा,
हंबीरराव

ता. क. आईनं तुझ्या वतीनं कबूल केल्यामुळं तुला गोव्याला यावं लागणार. कुबडी घेऊन गाडीत चढता येतं का, असं विचारू नकोस. आईला आम्ही चढवलं, तिच्यापुढं तू काहीच नव्हेस. आणि छताची चित्रं बघायला उभं राहावं लागत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दुसरा ता. क. आता खरं लिहितो, इतका वेळ धीर होत नव्हता. तू सुट्टीवर आमच्याकडं आला होतास तेव्हा तुझ्या आणि बनूच्या लग्नाची बोलणी झाली होती. पाय गेल्यावर तू आप्पासोंकडून निरोप धाडलास की मुलीचं नुकसान नको, बोलणी मोडली समजा. तू तुझं सांगितलंस, आम्ही ऐकलं, आणि तिला कुणी विचारलंच नाही. गोव्याहून येताना गाडीत मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं लगीन काय त्यांच्या पायासंगं ठरलं व्हतं?" यावर मराठीत काय किंवा इटालियनमध्ये काय, उत्तर तुला सुचतं का बघ. तिनं आजवर आलेली दोन्ही स्थळं नको म्हटलीत. तू तिला पसंत आहेस. तुला ती आहे का, एवढंच विचारायला हे सगळं पुराण लिहिलं.

तिसरा ता. क. उत्तर टपालानं पाठवू नकोस. आप्पासो म्हणतात, माणूस आलं की तू आत जातोस, पण पत्र आलं की दोनदा वाचतोस. म्हणून पत्र घरून लिहून आणलं, आणि एवढा ता. क. इथं जोडून त्यांच्या हाती आत धाडतोय. आम्ही तिघंही तुझ्या ओसरीवर बसलोय. आई म्हणते, त्याला सावकाश वाचू दे, घाई नाही. बनू मघापासून दाराकडंच बघतेय.