तुझ्या नावाने दिलेला नकार

प्रिय क्षिप्रा, अनेक आशीर्वाद.

आपल्या घरात तुझं-माझं सगळं आपल्याला न विचारता ठरतं, हे दोघांचं जुनं दुखणं. या वेळी हद्द झाली. तुझा फोन हल्ली बाबा उचलतात, म्हणून तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर लिहितोय.

मी बरा आहे. कोपरखैरण्याच्या घरमालकीण पुतळाकाकू दम देतात, "भाषन नको देऊ, भात खा." उलटलेल्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठी केमोथेरपी आणि इम्युनोथेरपीने मिळून विरल्या आहेत. त्या परत येण्याआधी मला दुसऱ्याच्या मूळपेशी द्यायच्या आहेत. तू तपासणीला रक्त दिलं होतंस, त्यात तुझ्या पूर्ण जुळल्या.

बाबांनी डॉक्टरांना कळवलं, "मुलगी तयार नाही." साखरपुड्याआधी तुझ्या होणाऱ्या सासरी घरातला कॅन्सर कळायला नको ना. स्त्रियांच्या हक्कांवरच्या माझ्या भाषणांना हेच बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे.

तुला चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतील, मग काही तास यंत्राशेजारी पडून राहायचं. अंग दुखेल, खोटं सांगत नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

नकार द्यायचा असेल तर तो तुझा असू दे, मी मानेन. डॉक्टरांचा नंबर मागे लिहिलाय. सोमवारी सकाळी तू स्वतः फोन कर.

तुझाच,
ऋषीदादा