ट्रकवरची होडी

२ जुलै

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

पूर नियंत्रण कक्षाच्या प्रमुखाला हे नाव शोभत नाही म्हणतोस, पण मला काही तुला साहेब म्हणता येणार नाही. नदी फुगते आहे आणि आपलं घर तळमजल्यावर. आईला गुडघ्यांमुळे एकटीने उठवत नाही. वरच्या मजल्यावरचे सुतारकाका तिला त्यांच्याकडे न्यायला तयार आहेत, पण ती ऐकेल तर शपथ! तुमच्या रंगीत तालमीत तिला पूरग्रस्त केलंत, तेव्हापासून तुझ्या होडीनेच जायचं म्हणते. काय करू, लगेच कळव.

लोभ वाढव, पाणी तेवढं वाढू देऊ नकोस.

तुझी ताई

४ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू उगाच घाबरतेस. आराखडा उशीएवढा जाड झालाय आणि त्यात तुमची गल्ली पहिली. तालमीत होडी ट्रकवरून थेट दाराशी आली होती, मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. उद्घाटन व्हायचंय म्हणून ती अजून पाण्यात घातलेली नाही, पण रंग काय सुरेख आहे! आईला हलवू नकोस. जो तो आपल्या मनाने वर चढू लागला, तर आम्ही वाचवायचं कोणाला? मी स्वतः येईन.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा छोटू

९ जुलै

चि. छोटूस आशीर्वाद.

आई सुखरूप आहे. आता ऐक.

काल सकाळी घरात पाणी शिरलं. तुझी होडी आली आणि गल्लीच्या टोकाशीच थांबली. पाण्यामुळे ट्रक पुढे येईना, आणि होडी खाली उतरवायचा आदेश कोणाकडेच नव्हता. तुझी माणसं ट्रकवरच्या होडीत बसून पाणी ओसरायची वाट बघत होती. सुतारकाकांनी ओरडून विचारलं, तर म्हणाले की तालीम अशीच झाली होती. तू कुठे होतास ते विचारत नाही, बैठकीत असशील.

पाणी खाटेला लागलं तरी आई हलेना. छोटू येतो म्हणालाय, मी जागेवर दिसले नाही तर चारचौघांत त्याची नाचक्की होईल, असं म्हणत गाठोडं पोटाशी धरून बसून राहिली. मला रडू कोसळलं आणि तुझा इतका राग आला म्हणून सांगू! शेवटी मी चक्क थाप मारली. छोटूचा निरोप आलाय, आईला ताबडतोब वर न्या असा साहेबांचा हुकूम आहे, असं सांगितलं. तेव्हा कुठे तिने सुतारकाकांच्या गळ्यात हात टाकला.

आता आई येईल त्याला कौतुकाने सांगते की लेकाने वेळेवर हुकूम काढला म्हणून मी वाचले. तिला खरं सांगू नकोस. तुझ्या खात्याचा तेवढाच एक हुकूम वेळेवर पोहोचला, आणि तो मी काढला होता.

येऊन तिला भेटून जा.

तुझी ताई