पायरीवरचा पत्रा

आये, तुझंच चुकलं, मी आजही तेच म्हणतो. "आपल्या लोकांच्या हाती दवाखाना दिला तर चार दिवसांत तमाशा होईल," हे तू जाईस्तोवर म्हणत राहिलीस. झाला का तमाशा? येरवड्यातल्या आपल्या पारधी वस्तीचा सरकारी दवाखाना आता वस्तीची कमिटी चालवते. पगार आणि औषधं सरकारची, पण डॉक्टर कोण आणि दार कधी उघडायचं, हे आपली माणसं ठरवतात. आधी तो सकाळी उघडायचा, तेव्हा बायका माल विकायला गेलेल्या. आता संध्याकाळी उघडतो. ताबा देताना साहेबांनी विचारलं, "औषधं नीट राहतील ना?" आपली धाकटी कमिटीत आहे. ती म्हणाली, "किल्ली तुमच्याकडं होती तेव्हा राहिली का?"

तुला ती पायरी आठवते? मी तापानं फणफणलेला, तुझ्या मांडीवर. बाकीचे येतायत, आत बाकावर बसतायत, आणि शिपाई आपल्याला म्हणतो, "तुम्ही बाहेरच. आतलं काही गेलं तर उत्तर मी द्यायचं का?" बुधवार पेठेत लिंबू-मिरची विकताना भल्या भल्या दुकानदारांना सुनावणारी तू, तिथं पदर सावरून गप्प बसलीस. मी पाचवीत शाळा सोडली तेव्हा रडलीस, त्या पायरीवर कधी रडली नाहीस. पुढं नवा शिपाई आला, "आत या मावशी" म्हणाला, तरी तू पायरीवरच. "इथं वारं लागतं," म्हणे. माझं डोकं तिथंच फिरायचं.

म्हणून ताबा मिळाल्याचं कळलं तसा मी इथून, गुजरातच्या बंदरावरून, धाकटीला फोन लावला. म्हटलं, "पहिली ती पायरी फोडा. खर्च माझा."

"दादा, तू बसलायस तिकडं, दवाखान्यात जायचं आम्हाला. आम्ही पायरी लांब करतोय, वर पत्रा टाकतोय. बायका आत गेल्या की मुक्या होतात, पायरीवर सगळं बोलतात. डॉक्टरीणबाईच बाहेर येऊन बसतात."

"लाज नाही वाटत?"

"तेव्हा बसवत होते. आता आम्ही बसतो. फरक कळत नसेल तर पाचवी पुन्हा कर."

मी फोन ठेवला तो आठवडाभर केला नाही. मला अजून पटलेलं नाही, आये. पायरी ती पायरीच. पण तुला एक सांगतो, धाकटीला सांगणार नाही. परवा हाताला लागलं म्हणून कंपनीच्या दवाखान्यात गेलो. आत खुर्च्या रिकाम्या, पंखा चालू, अडवायला कुणी नाही. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा मी बाहेर पायरीवर बसलो होतो.

हे पत्र इथंच राहणार. जाणार ते पैसे. पत्र्यासाठी, चार हजार रुपये.