बहिऱ्या मुलीचे नाटक

चि. सौ. मीराबाईस ठाकूरद्वाराहून हरेश्वरचे अनेक आशीर्वाद. प्रकृती ठीक आहे.

काल शेजारच्या खोलीतल्या उत्तमने मला नेऊन बहिऱ्या मुलीला शिकवण्याचे नाटक दाखवले. गुरुजी पाठमोरे बोलतात आणि बहिरी मान डोलावते. शेवटी अंगाऱ्याने तिला वाचा फुटली. उत्तम रडला. मी म्हटले, "रड बाबा, तिकीट फुकट जायला नको." आपल्या लेकीला, गुणवंतीला, हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटावा लागतो, एवढेही त्या शहाण्यांना ठाऊक नाही.

तूही अंगारे पुरे कर. इथल्या बहिऱ्यांच्या शाळेत मास्तर समोर बसून मुलांचा हात आपल्या गळ्यावर ठेवतात, मी पाहून आलो. तिला घेऊन आगबोटीने ये.

माझ्यावर रुसली आहे का ती? तू परत गेल्यावर इथे तिला कोण सांभाळील, म्हणतेस. मी आहे. खोलीची जमीन फळ्यांची आहे, हळूच पाय आपटला तरी तिला कळेल.