रविवारी ऊन येणार आहे

सोमवार, १६ जून. ट्रेनमध्ये.
आमचं लेमवी गाव सोडलं. कायमचं. पण हे अजून कुणाला ठाऊक नाही. घर विकायला काढलंय, एजंटला सांगून ठेवलंय. यापुढचं आयुष्य कोपनहेगनला, सिग्नेजवळ. लेकीला सरप्राइज.

एकच अडचण. ख्रिसमसला सहज विषय काढला तर म्हणाली, बाबा, तू इथं रमायचा नाहीस, तुला इथलं काय ठाऊक? ठीक आहे. संकल्प: जलपरीचा पुतळा, राजवाडे, बंदरावरची रंगीत घरं, यातलं काहीही बघायचं नाही. सिग्नेलासुद्धा ठाऊक नाहीत अशा जागा शोधायच्या. त्यातली सगळ्यात भारी तिला रविवारी दाखवायची. मग तीच म्हणेल, बाबा, राहा.

संध्याकाळी. सिग्नेचं घर.
छोटं, पण नीटनेटकं. बाथरूममध्ये दोन ब्रश. एक सकाळचा, एक रात्रीचा असणार. आईची टापटीप पोरीत उतरली आहे. मला सोफा दिलाय. पाय बाहेर येतात, पण तक्रार नाही.

मंगळवार, १७ जून.
तत्त्व सापडलं: पर्यटक जिथं नाहीत आणि स्थानिक जिथं आहेत, तिथं जायचं. एका चौकात स्थानिकांची रांग दिसली. एकाच्याही गळ्यात कॅमेरा नाही. उभा राहिलो. बऱ्याच वेळानं नंबर लागला. नगरपालिकेची कान तपासायची गाडी होती. तपासून घेतले. बाई म्हणाली, डावा कान अधू आहे, मशीन लावा. मी म्हटलं, समोरचेच पुटपुटतात. एकूण दिवस चांगला गेला. लोकांत मिसळलो.

बुधवार, १८ जून.
सापडली! सिग्नेच्या फ्रिजमध्ये रुबार्बच्या जॅमची बरणी. दुकानाचं लेबल नाही, हातानं लिहिलेलं: गुड्रून, सोलग्लिम्ट, २३. बरणी घेऊन निघालो.

सोलग्लिम्ट म्हणजे विमानतळाकडची छोट्या छोट्या बागांची वसाहत निघाली. एकेक तुकडा, त्यात एक खोपटं आणि झेंड्याची काठी. दुसरा कुणी फसला असता, म्हणाला असता की ही तर लोकांची खाजगी बाग. पण मी मासिकं वाचतो. हल्ली कोपनहेगनमध्ये खऱ्या चांगल्या कॅफेला पाटी नसते. इथं पाटी नव्हतीच. फाटक ढकलून आत जाऊन बसलो.

गुड्रून मालकीणबाई. गोल, सत्तरीची. तिनं आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्या हनुवटीकडे, आणि एकदम हसली. आत जाऊन कॉफी आणि केक घेऊन आली. ऑर्डर न घेता! म्हणाली, घ्या एइनार, संकोच करू नका. मी नाव सांगितल्याचं आठवत नाही. सांगितलं असणार.

नवरा प्रेबेन. काठीवर झेंडा चढवत होता. मी सांगितलं, साध्या बुधवारी झेंडा लावत नसतात, आणि दोरीही चुकीची बांधलीय. तो म्हणाला, पाहुणे आलेत ना आज. मी मागं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

बिल मागितलं तर दोघंही पोट धरून हसले. राहू द्या म्हणाले. पहिल्याच दिवशी उधारी! लेमवीच्या बेकरीत इतक्या वर्षांत मिळाली नाही.

गुरुवार, १९ जून.
पुन्हा २३ नंबर. आज वेटर होता. तिशीचा, ताडमाड, नाव येप्पे. मला बघून त्याच्या हातातली किटली लवंडली. त्याला बसवून चार गोष्टी सांगितल्या: पाठ ताठ ठेव, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडव, आणि दाढी कर. सगळ्याला हो हो म्हणाला. झोपायलाही तिथंच असतो, खोपट्यात त्याची पथारी दिसली. म्हणाला, घरी सध्या पाहुणे आहेत. गरिबाची काय अवस्था! स्वतःच्या घरात जागा नाही.

खोपट्याच्या भिंतीवर पुरुषाचे मोजे टांगलेत, टोकं कापलेले. आपल्याकडे डेन्मार्कात लग्नात नवरदेवाचे कापतात तसे. जुन्या चालीरीतींची सजावट. कल्पना चांगली, पण मोजे फार नवे वाटतात. गुड्रूनला सांगितलं, जरा मळवा.

निघताना माझ्या डाव्या बाजूला ती प्रेबेनच्या कानात पुटपुटली: रविवारी ऊन येणार आहे, तोवर गप्प बसा. रेडिओवर तर रविवारी पाऊस सांगितलाय. आणि उन्हाबद्दल गप्प काय बसायचं? बागवाल्यांचं काहीतरी शकुनाचं असेल.

शुक्रवार, २० जून.
जेवताना सिग्नेनं विचारलं, बाबा, रोज कुठं जातोस? मी म्हटलं, तुला ठाऊक नसलेल्या जागी. तिनं काटा खाली ठेवला. म्हणाली, रविवारी तुझ्याशी बोलायचंय, रागावणार नाहीस ना? मी म्हटलं, वेडे, मी कशाला रागावीन, माझ्याकडेही एक बातमी आहे. राहायला बोलवायचं इतकं अवघड जातं पोरीला. हळवी आहे, माझ्यावर गेलीय.

शनिवार, २१ जून.
एजंटचा फोन. कोपनहेगनचं तरुण जोडपं, घर फार आवडलं, आज हो म्हटलं तर लगेच करार. हो म्हणून टाकलं. सही फोनवरच झाली. हल्ली किती सोपं आहे सगळं. सोफा मात्र बदलायला सांगेन सिग्नेला.

रविवार, २२ जून.
पाऊस.

मीच सिग्नेला घेऊन गेलो. तू जन्मात पाहिली नसशील अशी जागा, म्हणालो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. फाटकाची कडी वर उचलून मग ओढावी लागते, मला अजून जमत नाही. तिनं हात आत घालून न बघता काढली.

गुड्रून दारातून ओरडली, अहो, आली बघा सून!

या खेपेला उजव्या कानावर पडलं.

आत खुंटीवर कप होते. सिग्नेनं एक काढला. त्यावर तिचं नाव होतं. वेटरनं तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. दाढी केली होती. प्रेबेन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, बसा व्याही, आठवडाभर तोंड शिवून बसलोय, फुटायची वेळ आली होती.

लग्न मेमध्येच झालं. नगरपालिकेत, मग इथं केक.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? सिग्ने रडत होती, पण स्पष्ट बोलली. म्हणाली, बाबा, तू आला असतास. अर्धा तास भाषण केलं असतंस. झेंड्याची दोरी चुकलीय म्हणाला असतास. ते लग्न तुझं झालं असतं. मला एक दिवस माझा हवा होता.

प्रेबेननं झेंड्याकडे पाहिलं. दोरी त्यानं बुधवारीच बदलली होती, मी सांगितली तशी.

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, बाबा, तुझीही काही बातमी होती ना? मी म्हटलं, विशेष काही नाही. लेमवीत सगळं जिथल्या तिथं आहे. तिनं इतका मोठा श्वास सोडला की मला डाव्या कानानंही ऐकू आला.

खूप वाईट वाटलं. केक चांगला होता.

सोमवार, २३ जून. परतीच्या ट्रेनमध्ये.
घर रिकामं करायला चाललोय. पुढं कुठं राहायचं ते बघू. येप्पे सोडायला आला होता. पाठ ताठ, डोळ्याला डोळा. गुड्रूननं जॅम दिलाय.

आत्ता त्या जोडप्याचा फोन आला. फार उत्साही आहेत. म्हणाले, तुम्ही तिथं चाळीस वर्षं काढलीत, फक्त गावातल्यांनाच ठाऊक असतात अशा दोन-चार जागा सांगा ना.

विचार केला. बेकरी सगळ्यांनाच ठाऊक आहे. सिग्नेच्या आईला, एल्साला, ठाऊक होत्या. होती तेव्हा रोज संध्याकाळी कुठंतरी जाऊन यायची, बुटांना वाळू लागलेली असायची. कुठं गेली होतीस, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांना म्हटलं, नीट ऐकू येत नाही, माझा डावा कान जरा अधू आहे. फोन उजव्या कानाला होता.