मास्तरीणबाईंचं दळण

सोमवार, ३
नव्या गावी सुखरूप आलो. गिरणी छोटी, पण पट्टा नवा, दगडांना टाकी नुकतीच लावलेली, खाचा धारदार. मागच्या खोलीत देवाची तसबीर मांडली. आधीचा गिरणीवाला वजनकाटा ठेवत नसे, सगळं अंदाजानं. मला ते पटेना. आल्या आल्या काटा टांगला. रांग गप्प झाली. मग शिंपी म्हणाला, काका, पिठाबरोबर आमचंही वजन करत जा. माणसं मायाळू दिसतात. चौकात डोंगरावरची बंदूकवाली पोरं बसतात, सरकारी फौज नदीपलीकडे आहे. मला दोघांशी देणंघेणं नाही.

शुक्रवार, २१
मास्तरीणबाई एकट्या राहतात. दर शुक्रवारी दोन किलो दळण. आज सहा. मी सहज थट्टा केली की बाई, पाहुणे आलेत वाटतं, आम्हालाही जेवायला बोलवा. कुणीच हसलं नाही. चौकातला एक जण दाराला टेकून उभा होता.

शनिवार, २२
बाईंचं दार सताड उघडं. परातीत कणीक मळलेली, तशीच. शिंप्यानं हळूच सांगितलं, नदीपलीकडच्या फौजेतून पळून आलेले दोन भाचे त्यांनी लपवले होते. चौकातल्यांनी तिघांनाही नेलं.
माझ्याच तोंडानं.

गुरुवार, २७
आता सगळे मला आधी नमस्कार करतात. सात माणसांचं घर तीन किलोंत भागवतं. मुलांचे गाल बसलेत. मी काटा उतरवला, तर शिंप्यानं हात जोडले: राहू द्या काका, चौकातले म्हणतील आम्हीच काढायला लावला. परत टांगला.

रविवार, ३०
चौकातून साखर आली, शाबासकीची. मी म्हणालो, मी चुगली केली नव्हती, थट्टा केली होती. ते म्हणाले, मग थट्टा करत जा.
साखर परत केली नाही. चहात घातली.

मंगळवार, २
चौकातले सांगून गेले, कुणाला लपवलेलं एक घर उद्या सकाळी सांगायचं. नाहीतर मलाच नेतील. म्हणालो, मला काही ठाऊक नाही. त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं.

बुधवार, ३
जपाला बसलो. माळ फिरते, मनात घराघरांची दळणं. सुताराकडे चार — न्हाव्याकडे — नाही, नाही.
शिंपी तीन आणायचा. परवा साडेतीन. अर्धाच किलो. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, भूक लागत असेल —
पायरीवर बूट वाजले. देवा, मी एवढंच सांगेन की शिंप्याच्या घरी —